सोवळ्यातली झारी

मी झारी बोलतेय. देवघरातली चांदीची नव्हे, आणि पुराणातली तर नव्हेच. झारी म्हटलं की लोकांना आधी आत बसलेले शुक्राचार्य आठवतात. पाणी कुणाला हवं होतं, हे कुणी विचारत नाही. मी साधी पत्र्याची. सध्या मुलुंड पूर्वेला एका उंच इमारतीच्या फाटकाशी साखळीने टांगलेली आहे. अंगाला पिवळा रंग आहे आणि त्यावर निळी फुलपाखरं आहेत. एका फुलपाखराला पाच पंख आहेत. कलाकार हौशी होते.

मी अशी जन्मले नाही.

जन्माने मी तेलाचा डबा. भांडुपच्या एका फरसाणवाल्याकडे माझं तेल शेवेत आणि गाठ्यांत गेलं आणि रिकाम्या डब्यांचं जे होतं ते माझं व्हायची वेळ आली. म्हणजे कुणाच्या तरी मोरीत पाणी साठवायचं, नाहीतर भंगार. पण घाटकोपरला धाकू नावाचा पत्र्याचं काम करणारा एक कारागीर होता. त्याने मला आणि माझ्याच मापाच्या दुसऱ्या एका डब्याला एका दुपारी झारी करून टाकलं. वरचं अर्धं तोंड कापलं, आडवा लाकडी दांडा बसवला, पोटाला भोक पाडून लांब नळी जोडली, नळीच्या टोकाला चकती लावली आणि चकतीला खिळ्याने बारीक भोकं पाडली. आतून डांबर फासलं.

"आता ह्या गंजत नाहीत," धाकू गिऱ्हाइकाला म्हणाला. "तू गंजशील आधी."

गिऱ्हाईक हसलं. त्याचं नाव दत्ताराम घाडी.

झाऱ्या जोडीनेच घ्याव्या लागतात. एकाच हाताने पाणी वाहिलं की माणूस हळूहळू त्या बाजूला कलतो आणि मग तसाच राहतो. दत्तारामच्या उजव्या हातात मी आणि डाव्या हातात माझी बहीण, असा आमचा संसार सुरू झाला.

दत्ताराम मूळचा देवगडकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी सांगत बसत नाही. मुलगा शहाणा निघाला, गिरणीच्या वाटेला गेला नाही, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला लागला. एके दिवशी मालकाने कारखाना गुजरातेत हलवला. दत्तारामला हलवलं नाही. मग काही वर्षं त्याने वॉचमनकी केली, काही दिवस कुरिअर वाटलं, आणि शेवटी बापजाद्यांनी जे करायचं टाळण्यासाठी मुंबई गाठली होती तेच करायला लागला. म्हणजे शेती.

जमीन मुलुंडच्या टोकाला, नाला आणि मिठागरं यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी. ती तीन सरकारी खात्यांची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. दत्तारामने ती झाडी तोडून साफ केली, वाफे पाडले आणि अळू, पालक, लाल माठ, मुळा, भेंडी लावली. नाल्याच्या काठाशी एक खड्डा खणला. नाल्याचं पाणी त्या खड्ड्यात झिरपून येई, गाळ खाली बसे, आणि दत्ताराम पायरीवर उतरून आम्हा दोघींना एकदम बुडवी. भरलो की वर. मग वाफ्यांमधल्या वाटेने चालत दोन्ही मनगटं एकदम वाकवायची. डावीकडच्या वाफ्यावर बहिणीचा पाऊस, उजवीकडच्या वाफ्यावर माझा.

नाल्यात काय होतं ते आता सांगायलाच हवं. नाल्यात मुलुंड होतं. लोकांच्या मोऱ्या, संडास, न्हाणीघरं, उपाहारगृहांची खरकटी. मी आयुष्यात कुणाच्या घरी पाहुणी गेले नाही, पण घराघरातलं पाणी माझ्या पोटातून गेलं आहे. दिवाळीच्या पहाटे मला उटण्याचा वास येई. परीक्षांच्या दिवसांत चहा-कॉफीचा गाळ वाढे. एकादशीला काही फरक पडत नसे, यावरून उपासाचं काय ते समजून घ्या. माणसं फ्लश ओढतात आणि आपला त्याच्याशी संबंध संपला असं मानतात. इतकी श्रद्धा ती देवावरसुद्धा ठेवत नाहीत.

पिकाला मात्र हे पाणी मानवलं. अळवाची पानं सुपाएवढी होत. दत्तारामला खत कधी विकत आणावं लागलं नाही. त्याचा आजा गावाला सोनखत, म्हणजे माणसाच्याच मैल्याचं खत, वापरायचा, आणि सोनखत म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला समजावून सांगताना दत्तारामला फार मजा वाटे.

"नाव काय, सोनखत! आपल्या लोकांनी त्याला सोनं म्हटलं रे. आणि हे बघ, पाणी नि खत एकाच नळीतून. बिल नाही काही नाही."

हे सगळं खरं होतं. फक्त अर्धं खरं होतं.

उरलेलं अर्धं त्याच्या बायकोला, रत्नप्रभाला, माहीत होतं. पहिल्या वर्षी घाड्यांच्या घरी रोज वाफ्यातलीच भाजी शिजे. त्याच वर्षी त्यांचा मुलगा सौरभ, तेव्हा दहावीत होता, पिवळा पडला. कावीळ. महिनाभर इस्पितळात. डॉक्टरांनी विचारलं, कच्चं काय खाल्लं होतं? कच्चा मुळा. वाफ्यातला, भाकरीबरोबर, मीठ लावून. मुळ्यानेच कावीळ झाली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण रत्नप्रभा त्यानंतर जे म्हणाली त्यात कधी बदल झाला नाही. दुपारी ती दत्तारामची भाकरी घेऊन वाफ्यावर येई, आम्हा झाऱ्यांच्या शेजारी दगडावर बसे, तेव्हा मी हे कितीदा तरी ऐकलं आहे.

"अगो, ह्या अळू बघ तरी. असा पान तुका दादरच्या मार्केटात मिळूचा नाय."

"बघितलंय. ता माझ्या चुलीर चढूचा नाय."

"लोक खातत मा?"

"लोकांका माहीत नाय म्हणान खातत. माका माहीत आसा." मग ती भाकरीचं फडकं सोडी आणि जरा वेळाने विचारी, "तुमका एक विचारू? आपण खात नाय ता लोकांका कसा विकतास?"

दत्ताराम जेवत असताना फार हळू चावून खाई. मला वाटतं, उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. जेवण झालं की तो हात धुई, आणि हात धुवायला ती घरून बाटलीत पाणी आणत असे.

त्याला दुःख होतं ते एवढंच. गिऱ्हाइकं त्याच्या भाजीची वाखाणणी करत. पण शेतकऱ्याच्या घरात त्याच्या हातचं शिजत नाही, याचं काय करायचं? रत्नप्रभाची पिशवी बाजारातून भरून येई आणि वाफ्याच्या कडेने घरी जाई.

मग दहा-बारा वर्षांनी शेजारी ही इमारत उभी राहिली.

आता एवढ्या मोठ्या इमारतीला नियम असतो. आपलं सांडपाणी आपणच शुद्ध करायचं आणि ते बागेला, फ्लशला वापरायचं. त्यासाठी तळघरात यंत्रं बसवली होती. सगळे त्याला 'प्लांट' म्हणत. ही यंत्रं चालवायला भीमराज नावाचा पन्नाशीचा माणूस ठेवला होता. प्लांट चांगला होता, भीमराजही चांगला होता. अडचण एकच होती. शुद्ध झालेलं पाणी कुणालाच नको होतं. सोसायटीच्या सभेत ठरलं की ज्या हिरवळीवर आपली मुलं लोळतात तिच्यावर 'ते' पाणी घालायचं नाही. म्हणून हिरवळीला टँकर येई आणि प्लांटचं पाणी मागच्या भिंतीतल्या पाइपातून नाल्यात सोडून देत. म्हणजे आधी खर्च करून घाणीचं पाणी करायचं आणि मग पाण्याची घाण. इतकी सचोटी सरकारी कारभारातही क्वचित पाहायला मिळते.

भीमराज विड्या ओढायला मागच्या लोखंडी दाराशी येई. तिथे त्याची आणि दत्तारामची ओळख झाली. भिंतीतल्या पाइपाखाली झारी मावत नसे, म्हणून एकदा त्याने, प्लांटमध्ये तपासणीला पाणी काढतात त्या नमुन्याच्या नळावर मला भरून आणलं.

"घे दत्ताभाऊ. वास घे."

दत्तारामने नाक जवळ नेलं. "येत नाही रे."

"पिऊ नको म्हणजे झालं. पण भाजीला झकास. थोडं खत अजून आहे त्याच्यात, जंतू मेलेत. आणि आमची शहाणी मंडळी हे नाल्यात सोडतात."

दत्ताराम माझ्यात बघत होता. मीही बघत होते. जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या पोटातलं पाणी असं होतं की त्यातून माझा तळ दिसत होता. डांबराला कुठे कुठे तडे गेले होते. मला ते माहीतच नव्हतं.

त्या दिवसापासून आम्हा बहिणींची ताटातूट झाली. दत्तारामने इमारतीच्या भिंतीला लागून, उंचावर, दगडांचा बांध घालून एक नवा वाफा केला. 'घरचा वाफा.' त्याला फक्त प्लांटचं पाणी. भीमराज सकाळी दाराच्या फटीतून मला आत घेई, भरून बाहेर देई. मला राखेने घासून काढलं आणि खड्ड्यात बुडवायचं बंद केलं. माझी बहीण मात्र नाल्याचंच पाणी वाहत राहिली. एक सोवळ्यात, दुसरी ओवळ्यात. दत्ताराम आता एकाच हाताने माझं पाणी वाही आणि खरंच जरासा उजवीकडे कलला.

"ह्या काय?" रत्नप्रभाने नवा वाफा पाहिल्यावर विचारलं.

"तुझो."

तिने वाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीपलीकडून भीमराजने 'वहिनी, मी साक्षीला आहे' म्हणून हाक दिली तिकडेही पाहिलं. सून श्रुतिका तेव्हा पोटुशी होती. पहिली खेप. रत्नप्रभाने वाफ्यातली चिमूटभर माती उचलून वास घेतला.

"नाल्याचा एक थेंब नाय?"

"आईशपथ."

"मग ऋषिपंचमीक बघूया," ती म्हणाली. दत्ताराम त्या दिवशी दुसऱ्यांदा जेवला असता, इतका खूश झाला.

ऋषिपंचमीचं असं आहे. गणपती आले की त्याच्या दुसऱ्या दिवशी ती येते. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. जिथे नांगर लागला नाही, माणसाने हाताने खणून जे पिकवलं, तेवढंच चालतं. अळू, भोपळा, सुरण, भेंडी, दोडका, मक्याचं कणीस असं सगळं एकत्र करून एकच भाजी शिजवतात. हल्ली शेतात बैल कुठे आहेत, ट्रॅक्टर आहेत. तेव्हा बाजारातली झाडून सगळी भाजी ऋषीची म्हणायला हरकत नाही. पण इमारतीतल्या बायकांना खात्री हवी होती, आणि खात्री त्यांच्या भिंतीमागेच होती. दत्तारामच्या पट्टीवर नांगर न्यायला वाटच नव्हती. कल्पिता नावाची एक तरतरीत बाई तिथल्या महिला मंडळाची प्रमुख होती. तिने दोन-तीन वर्षांपासून सगळ्यांच्या वतीने दत्तारामकडे ऋषीच्या भाजीची मागणी नोंदवायला सुरुवात केली होती. एरवी कोपऱ्यावर गोणपाटावर बसून भाजी विकणारा दत्ताराम भाद्रपदात पवित्र होई.

यंदा दत्तारामच्या मनात आणखी एक होतं. एक वाफा झारीने भिजवता येतो, सगळी पट्टी नाही. भिंतीतल्या पाइपाला एक रबरी नळी जोडायला परवानगी मिळाली की खड्डा बुजवायचा, नाला कायमचा बंद. म्हणजे रत्नप्रभाच्या त्या प्रश्नालाही उत्तर मिळालं असतं. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार सकाळी भिंतीकडेने फेऱ्या मारत. दत्तारामने मला हातात धरूनच त्यांना गाठलं.

"साहेब, वाया जातंय ते पाणी. नळी माझी मी आणतो."

"हे बघा घाडी, पाण्याचा प्रश्न नाही, प्रिन्सिपलचा आहे," नंदकुमार जागच्या जागी पावलं हलवत म्हणाले. फेऱ्या थांबवल्या की त्यांच्या घड्याळातली मोजणी थांबत असे. "आज तुम्हाला नळी दिली, उद्या तुम्ही हक्क सांगाल."

"नाल्यात सोडता, नाल्याने कधी हक्क सांगितला?"

"तेच तर. नाला बोलत नाही." आणि ते चालू लागले.

तेव्हा दत्तारामने ठरवलं की बायकांना सांगायचं. सभेत त्यांचं चालतं. त्या आपली भाजी खातात, आपल्या बाजूने बोलतील. मी झारी आहे, मला सल्ला देता येत नाही. दिला असता तरी त्याने ऐकला नसता. त्याला खरोखर असं वाटत होतं की त्या बायकांना पाण्याचं ठाऊक आहे. नाला त्यांच्या खिडकीतून दिसत होता. आणि विचारायचं असतं तर त्यांनी विचारलं नसतं का?

हरताळकेच्या आदल्या दिवशी कल्पिता चार-पाच जणींना घेऊन पट्टीवर आली. स्वतःच्या हाताने खुडून न्यायची हौस होती. सगळ्यांनी फोन काढले. अळवाचे फोटो झाले, भोपळ्याच्या फुलांचे झाले.

"काका, बैल नाही ना कधी लावलात?" कल्पिताने विचारलं.

"इथला बैल मीच, ताई. मी चालतो का बघा."

बायका खळखळून हसल्या. एक वयस्कर बाई वाकून अळवाच्या देठावरून हात फिरवत म्हणाली, "किती हिरवंगार गं! माहेरची आठवण झाली." नाल्याच्या पाण्यावरचाच वाफा होता तो. घरच्या वाफ्यातलं अळू जरा फिकट होतं, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दत्तारामला वाटलं, हीच वेळ.

"ताई, माझं एक काम करा ना. मीटिंगला बोला माझ्यासाठी. तुमच्या प्लांटचं पाणी नाल्यात जातं, ते मला द्यायला सांगा. मला आता काय उचलावं लागतं, ते बघाच तुम्ही." असं म्हणून तो पायरीवरून खाली उतरला, माझ्या बहिणीला खड्ड्यात बुडवलं आणि भरून वर आणलं. काळसर पाणी होतं. वर शाम्पूची एक पुडी तरंगत होती.

बायका दोन पावलं मागे सरकल्या.

"एक मिनिट," कल्पिता म्हणाली. "हे पाणी भाजीला?"

"हो ना. म्हणून तर सांगतोय."

"आम्हाला देता त्या भाजीला?"

दत्ताराम गोंधळला. त्याने तिला धीर द्यायचा प्रयत्न केला. "बरंचसं तुमच्यासारख्याच इमारतींचं आहे, ताई. बाहेरचं असं फार नाही."

वयस्कर बाईने देठावरचा हात झटकन काढला आणि पदराला पुसायला लागली. एकीने तोंडावर ओढणी धरली. फोन अजून हातातच होते. त्यातल्या एकाने सगळं टिपलं होतं. बैल आहे का हे त्यांनी दरवर्षी विचारलं होतं आणि दत्तारामने दरवर्षी खरं उत्तर दिलं होतं. दोन्ही बाजूंनी कुणी खोटं बोललं नव्हतं. तरीसुद्धा त्या बायका ज्या घाईने परत गेल्या ती पाहून वाटलं, आपण सगळे पकडले गेलो आहोत.

तो व्हिडिओ रात्रीत मुलुंडभर फिरला. गणेशचतुर्थीच्या आदल्या सकाळी पालिकेची गाडी आली. साहेब वाईट नव्हता. "काका, हे असलं पाणी खाण्याच्या पिकाला चालत नाही, माणसं आजारी पडतात," एवढंच म्हणाला. ते काही खोटं नव्हतं. सौरभचे पिवळे डोळे मी विसरलेली नाही. पण घरच्या वाफ्याचं दत्ताराम सांगायला लागला तेव्हा साहेबाने हात जोडले. "कुठला वाफा कुठल्या पाण्याचा, हे मी कसं ठरवू? मला सगळं काढायला सांगितलंय."

भीमराज दाराच्या फटीतून ओरडून सांगत होता की साहेब, हा वेगळा आहे, मी पाणी देतो. मग मागून नंदकुमारांचा आवाज आला, "तुम्ही? कुणाच्या परवानगीने?" आणि दाराची फट बंद झाली.

माणसांनी कामाला हात घातला. अळू मुळासकट उपटलं, भोपळ्याचे वेल ओढले, भेंडी मोडली. दोन्हीकडचं एकाच ढिगावर पडत होतं. गाडी मागे घेताना चाक माझ्या बहिणीवरून गेलं. तिचा आवाज फार झाला नाही. तिच्यात थोडं पाणी होतं, तेवढंच उडालं.

त्याच वेळी रत्नप्रभा वाफ्यावर आली. हातात धुतलेली कापडी पिशवी होती. ऋषीची भाजी आज काढून ठेवायची, असं दोघांचं ठरलं होतं. तिने ढीग पाहिला, माणसं पाहिली, ढिगाशेजारी बसलेला नवरा पाहिला. तो दोन्ही हातांनी पानं उलटीपालटी करत होता.

"मावशी, बाजूला व्हा. जंतुनाशक पावडर टाकायची आहे," साहेब म्हणाला.

"टाक रे बाबा. जरा थांब." ती दत्तारामजवळ उकिडवी बसली. "काय करतास?"

"आपल्या वाफ्यातला काढतंय."

"मिळाला?"

त्याने अळवाची एक जुडी पुढे केली. "ह्या बघ. आपला. देठ बघ, काळो आसा."

सगळेच देठ काळे होते. त्या वाफ्याला मी सगळा उन्हाळा पाणी घातलं होतं, श्रावणात उघडीप पडली तेव्हा घातलं होतं. पण चिखलाने माखलेल्या त्या ढिगात मलाही ओळखता आलं नसतं.

"नक्की मा?" रत्नप्रभाने विचारलं.

"होय."

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग जुडी घेतली, माती झटकली आणि पिशवीत ठेवली. एक भोपळा उचलला, चार भेंड्या वेचल्या. "चला," म्हणाली. पाठीमागे पांढरी पावडर पडायला लागली.

त्या भाजीचं काय झालं, हे मला चार दिवसांनी समजलं. सौरभ कुदळ आणि विळा न्यायला आला होता. दाराच्या फटीशी उभं राहून तो भीमराजला सांगत होता.

"आईने शिजवली ना. बाबा नि आई, दोघांनी खाल्ली. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतली."

"आणि तुम्ही?"

"आमच्यासाठी मार्केटमधून आणून वेगळी केली. श्रुतिकाच्या पोटात बाळ आहे ना. दोन पातेली होती."

"दत्ताभाऊ काय बोलला?"

"काय बोलणार? दोन पातेली दिसत होती समोर." सौरभने कुदळ खांद्यावर घेतली. "खाली मान घालून जेवले. म्हणाले, मीठ बरोबर आहे."

मला त्याने नेलं नाही. पट्टीला पत्र्याचं कुंपण पडलं, 'सुशोभीकरण' अशी पाटी लागली. मी चिखलात आडवी पडून पावसाचं पाणी धरत राहिले. माझ्यात डासांची अंडी झाली. पुढे इमारतीत 'टाकाऊतून टिकाऊ' अशी स्पर्धा झाली आणि कुणीतरी मला शोधून काढलं. घासलं, रंगवलं आणि तळाला ड्रिल मशीनने भोकं पाडली. कुंडीतलं पाणी निचरून जायला हवं असतं म्हणे. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. माझ्यात लावलेल्या मनी प्लांटला रोज टँकरचं पाणी घालतात. ते वरून येतं आणि खालून जातं.

मागच्या महिन्यात दत्ताराम भीमराजला भेटायला फाटकाशी आला होता. भीमराजची नोकरी कशीबशी टिकली, पण नमुन्याच्या नळावर आता कॅमेरा बसवला आहे. दोघे माझ्याखालीच उभे राहिले.

"नात कशी आहे?"

"रडते बघ. चाळ डोक्यावर घेते." दत्ताराम हसला. पूर्वीपेक्षा वाळला होता, पण सरळ उभा होता. हातात काही वाहायचं नसलं की माणूस सरळ होतो.

"आणि वहिनी?"

"तिचंच सांगायला आलो रे. खिडकीत पत्र्याच्या डब्यात अळू लावलंय. नळाच्या पाण्यावर. पिण्याचं पाणी! रत्ना काही बोलत नाही. उलट रोज विचारते, झाला काय? श्रुतिकाला वडी करून घालायची म्हणते, माझ्या हातच्या अळवाची. स्वतःहून म्हणते."

"मग झकास की!"

"येतच नाही रे." दत्तारामने तळहात पुढे केला. "एवढं पान होतं आणि पिवळं पडतं. वडीला पुरत नाही. पाणी इतकं स्वच्छ आहे की त्याच्यात काहीच नाही."

भीमराजने विडी काढली आणि फाटकावर ओढता येत नाही म्हणून परत खिशात ठेवली. "एक बाटली आणून देऊ का प्लांटची? कॅमेऱ्याचं बघतो मी."

"नको. तुझी नोकरी जाईल." मग दत्तारामने वर पाहिलं. मला ओळखायला त्याला वेळ लागला. फुलपाखरांमुळे असेल. त्याने हात वर करून माझ्या तळाला लावला. ओल लागली, तशी त्याने बोटं फिरवली आणि भोकं सापडली.

"ही कुणी पाडली?"

"डिझाइन आहे ते."

दत्तारामने एका भोकावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. दुसऱ्या भोकातून पाणी गळत राहिलं. त्याने त्यावरही बोट ठेवलं.

"काका, हात नका लावू," नवा वॉचमन म्हणाला. "रंग जाईल."

त्याने हात काढला, शर्टाला पुसला आणि 'येतो रे' म्हणून गेला.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर माझा फोटो जरूर काढा, इथे सगळे काढतात. पण जमलं तर इमारतीला वळसा घालून मागच्या भिंतीशी जा. तिथल्या पाइपातून अजूनही दिवसभर पाणी पडतं. त्याखाली हात धरून वास घ्या, येत नाही. खाली पडलं की ते नाल्याचं होतं. मध्ये फक्त वीतभर अंतर आहे. त्या अंतरात काही धरायचं असेल तर तुम्हीच धरा. माझ्यात आता राहत नाही.